दुखवट्याचा पडदा

"दम नाही हिच्यात. तिसऱ्या हुंदक्यालेच बसली."

माझ्या शेजारून हे कोणीतरी हळूच म्हणालं, तेव्हा आम्ही एका मयताच्या घरी ओसरीवर दाटीवाटीने बसलो होतो. खाणीतल्या एका फिटरची म्हातारी आई गेली होती आणि तिची सून आतल्या खोलीत रडत होती. मी मान न वळवता फक्त डोळे फिरवले. जाड काचांचा चष्मा, तपकिरी लुगडं, मांडीवर कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर गाण्याच्या स्पर्धेतल्या परीक्षकाचा भाव. माझं लक्ष गेलं हे पाहून त्या बाई माझ्याकडे वाकल्या आणि त्यांनी खुलासा केला, "हे नरड्यातलं रडणं हाय. नरड्यातलं टिकत नाही. पोटातून काढा लागते."

या कमळाकाकू.

मी तेव्हा नुकतीच बेल्लमपल्लीला, तेलंगणातल्या आमच्या कोळसा खाणींच्या गावी, घरी परतले होते. सात वर्षं नन्सच्या शाळेत आणि वसतिगृहात काढल्यामुळे मला इंग्रजीत विचार करायची आणि कुठल्याच भाषेत न बोलायची सवय लागली होती. बाबांचं बाजारात कापडाचं लहानसं दुकान होतं. दुकानामागच्या गल्लीत आमचं घर, आणि गल्लीच्या टोकाला, नळाच्या समोर, काकूंच्या दोन खोल्या. परसात त्या मेथी, कोथिंबीर आणि वांगी लावायच्या आणि सकाळी दारातच बसून विकायच्या. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून 'कान्व्हेंट' हे नाव दिलं. "ए कान्व्हेंट, तुह्या मायले सांग, मेथी कवळी हाय." माझं खरं नाव त्यांना ठाऊक नसावं असं मला बरेच दिवस वाटत होतं.

गावात कोणीही गेलं की काकू तिथे असायच्या. जात, भाषा, ओळख, काही आड येत नसे. जाऊन एका कडेला बसायच्या आणि ऐकायच्या. परतताना आईजवळ त्यांचा निकाल ठरलेला असे. अमकीने सुरुवात बरी केली पण मध्येच पदर सावरत बसली. तमकी रडताना दाराकडे पाहत होती, कोण कोण आलं ते मोजत. तेलुगू बायकांबद्दल मात्र त्यांना फार आदर. "त्या शब्द लावून रडतेत. मेलेल्याले सवाल करतेत, की बाबा, मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या आता कोण उचलन? आपल्या बाया नुसत्या 'माय वो, बाप वो'. त्यात काय हाय? मेलेल्याले तरी काय समजन?"

एकदा एका घरी सुनेला रडूच येईना. काकू तिच्या शेजारी जाऊन बसल्या, आणि सासू शेवटचं काय जेवली, कोणी वाढलं, भात उरला होता का, इतकंच विचारत राहिल्या. पाचव्या मिनिटाला सून अशी रडली की ओसरीवरच्या माणसांनी विड्या विझवल्या. काकूंनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि बाहेर येऊन आईला म्हणाल्या, "हे पाह्य. पोटातलं."

आणि या काकूंना स्वतःला रडताना गल्लीत कोणी पाहिलं नव्हतं. त्यांचे यजमान जाऊन दहा वर्षं झाली होती. त्या दिवशीही, आई सांगायची, काकूंनी आलेल्या सगळ्यांना चहा करून दिला आणि साखर कमी झाली म्हणून माफी मागितली.

यजमान सरकारी बसचे ड्रायव्हर होते, बेज्जूरच्या गाडीवर. त्या गाडीचा रात्री बेज्जूरलाच मुक्काम असायचा. त्यामुळे बारा वर्षं त्यांची एक रात्र तिकडे आणि एक रात्र घरी. "आमचा माणूस नळाच्या पाण्यावानी होता," काकू सांगायच्या, "एक दिवस आड यायचा. आन् आला की सगळं भरून ठेवा लागे." हे सांगून त्या स्वतःच हसायच्या.

त्या गाडीची सवय मात्र त्यांची गेली नव्हती. रोज दुपारी दोनला बेज्जूरची गाडी यायची. काकू पाच मिनिटं आधी स्टँडवर हजर. गाडी आली की मागच्या चाकाला चपलेने एक ठोसा द्यायच्या, हवा कमी आहे म्हणायच्या, आणि मग कंडक्टरला विचारायच्या, "बेज्जूरची काय खबर?" कंडक्टर तेलुगू होता, मिशीवाला, कंटाळलेला. तो म्हणायचा, "अंता बागुंदी, अम्मा. सब ठीक." एवढं ऐकून काकू घरी. गाडीतून कोणी उतरलं, कोणी चढलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. मला वाटे, तिकडे त्यांचे कोणी नातेवाईक असतील.

त्या वर्षी गणपतीसाठी पुरुषांचं नाटक बसलं होतं. दोन राजे होते आणि मोठा राजा कोणी व्हायचं यावरून भांडण होऊन दोघेही रुसून बसले. उत्सवातला रविवार रिकामा पडला. बायकांच्या बैठकीत भजन की पाककृती अशी चर्चा चालली असताना काकू उठून म्हणाल्या, "बाया नाटक करतीन." कोणतं, असं विचारल्यावर म्हणाल्या, "माह्याजवळ हाय एक." ते त्यांच्याजवळ कागदावर नव्हतं, डोक्यात होतं. कागदावर आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण गल्लीत रिकामी आणि शिकलेली अशी मी एकटीच होते.

मी मराठी लिहायला आईकडून शिकले होते, तेही सुट्टीत. काकू कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बांधत सांगायच्या. त्यांच्या चार जुड्या व्हायच्या तेव्हा माझी एक ओळ व्हायची. "तू लिहून राह्यली का विणून राह्यली?" असं त्यांनी विचारलं, पण थांबल्या मात्र प्रत्येक ओळीला.

नाटक असं होतं. दौलतराव नावाचा कापसाचा दलाल मेलेला आहे. त्याची बायको प्रेताशेजारी रडते आहे. तेवढ्यात दार वाजतं आणि दुसऱ्या गावची एक बाई रडत आत शिरते. बायकोला वाटतं, बाई घर चुकली.

"तुमचे कोण गेले, बाई?"

"मालक गेले वो माहे."

"अवं माय. आन् प्रेत कुठं हाय?"

"हे काय, तुमी टेकून बसल्या त्याच्यावर."

मग दोघींचं भांडण सुरू होतं. मेलेला माणूस नेमका कोण होता, यावरच दोघींचं एकमत होत नाही. बायको म्हणते, हे वांगं खात नव्हते. दुसरी म्हणते, वांग्याशिवाय त्यांना घास उतरत नव्हता. बायको म्हणते, हे घोरत होते. दुसरी म्हणते, छे, माझ्याकडे तर रात्रभर बोलत बसायचे. यावर बायको प्रेताकडे वळून विचारते, "माह्याघरी येऊन मंग झोप पुरी करत होते का?" शेवटी दोघी एकमेकींचे डोळे पुसतात, दोन बाजूंना बसून एका तालात रडायला लागतात, आणि पुन्हा दार वाजतं. तिसरी आलेली असते. तेव्हा बायको दारात जाऊन शेवटचं वाक्य बोलते:

"मेलेल्या माणसाले दोनच बाजू अस्तेत, बाई. दोन्ही भरल्या. चालती हो."

हे लिहिताना मी इतकी हसले की पेन हातातून पडलं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी जुडीची गाठ दाताने आवळली आणि म्हणाल्या, "शेवट असाच ठेव."

बायको काकू स्वतः झाल्या. तिसरी झाली शिंप्याची मीना. आणि दुसरी, वांगं खाऊ घालणारी, झाली आमची आई. गल्लीतली सर्वांत सोवळी बाई तीच, म्हणून काकूंनी तिला निवडलं. बाबांना तिने 'एका शेजारणीचं काम आहे' इतकंच सांगितलं. प्रेत व्हायला अर्थातच कोणी पुरुष तयार होईना, तेव्हा आमच्या दुकानातला मोठा लोड धोतरात गुंडाळून आणला. काकू त्याच्यावर फार खूश होत्या. "आपल्या नाटकात माणूस चांगला सापडला. बोलत नाही, कुठी जात नाही." पुरुषांना नाटक पाहायला बंदी होती. त्याचं कारण काकूंनी मंडळाच्या सेक्रेटरीला तोंडावर सांगितलं, "पाह्यतीन तं शिकतीन."

प्रॉम्प्टिंग माझ्याकडे आलं. "तू तशीबी कुजबुजतच बोलते," काकू म्हणाल्या, "तुह्या आवाजाचं आजवर काही कामच निघालं नव्हतं, ते निघालं." तीन आठवड्यांत त्यांचा एक शब्दही चुकला नाही. आईला मात्र मी वही धरून अक्षरशः ओढत नेत असे.

अडचण पडद्याची होती. मंडळाचा पडदा रुसलेल्या राजाच्या घरी होता. काकूंनी मला घरी नेलं आणि कॉटखालची ट्रंक ओढून काढली. आत घड्या घातलेली लुगडी होती, तपकिरी, राखी, गडद निळी, एकही नेसलेलं नाही. ते सगळे दुखवटे होते. आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईला भेटायला येणारे सगेसोयरे तिच्यासाठी लुगडं आणतात, तिच्याजवळ बसून रडतात आणि ते तिच्या अंगावर टाकतात. दुखवटा घातला की त्या बाईचं माणूस गेलं, हे चारचौघांनी मान्य केलं असा त्याचा अर्थ. काकूंना सतरा आले होते. त्यांनी ती लुगडी एकाला एक जोडून शिवायला काढली. आईने भीत भीत म्हटलं, अशुभ नाही का दिसणार? "नाटकात मयतच हाय," काकू म्हणाल्या, "शोभून दिसन."

मी सोळा मोजली. सतरावं, विटकरी काठाचं, ट्रंकेतच राहिलं होतं. पडदा एका बाजूने हातभर कमी पडत होता, म्हणून मी ते उचललं.

"ते नाही," काकू म्हणाल्या.

"पण काकू, कमी पडतंय."

"पडू दे. मीनाले तिकडून दिसू दे. पोट्टी गोरी हाय."

नाटकाची वेळ त्यांनी दुपारी तीनची ठरवली. मंडळाला पाच हवी होती. काकूंनी कारण दिलं की चारच्या भोंग्याला पहिली पाळी सुटते, माणसं घरी येतील, बायांना चूल पेटवावी लागेल. सगळ्यांना पटलं.

आठवडाभर आधी मी दुकानातल्या गुलाबी कागदांवर दहा जाहिराती हाताने लिहिल्या. नऊ गावात लागल्या. दहावी काकूंनी बेज्जूरच्या कंडक्टरच्या हातात दिली आणि सांगितलं, "तिथल्या स्टँडाजवळ लाव. जिथं सगळ्यायले दिसन तिथं." ही गंमत म्हणून मी घरी सांगितली. इतक्या लांबून, त्या खडखड्या गाडीत बसून, बायकांचं नाटक पाहायला कोण येणार आहे?

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. तिने पोळी उलटली, दाराकडे पाहिलं आणि मग सांगितलं.

बेज्जूरला काकूंचे कोणी नातेवाईक नव्हते. तिथे एक बाई होती. मुक्कामाच्या गावी ड्रायव्हर बारा वर्षं तिच्या घरी राहत होते. काकूंना हे केव्हा कळलं ते कोणालाच माहीत नाही. पण ड्रायव्हर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, दोनच्या गाडीने, ती बाई आली. अनवाणी. दारात उभी राहिली आणि कोणी न सांगता सगळ्यांना कळलं की ही कोण. काकू चहाची किटली खाली ठेवून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "चालती हो." आणि दार लावून घेतलं.

"मग?"

"मग ती समोरच्या नळापाशी बसली आणि रडली. गाडी परत जाईपर्यंत. आत आम्ही पंधरा-वीस बाया होतो. त्यानंतर एकीलाही रडता येईना. सगळ्या नुसत्या ऐकत बसलो." आईने पोळी तव्यावर टाकली. "तसं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही."

काकू कोणाच्याही मयताला जाऊन इतक्या मन लावून काय ऐकत बसतात, ते मला तेव्हा कळलं.

"आता ती आली," आई म्हणाली, "तर कमळाबाई तिला तेच शब्द पुन्हा ऐकवतील. आणि या वेळी सगळा मांडव हसेल."

ते शब्द माझ्या अक्षरात लिहिलेले होते, आणि लिहिताना मीच हसले होते. मी दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या दारात गेले. शेवट बदलूया, एवढंच म्हणायचं होतं. रात्रभर ते वाक्य मी आधी इंग्रजीत आणि मग मराठीत तयार केलं होतं. काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय वो, कान्व्हेंट?"

"काही नाही," मी म्हटलं. "मेथी."

त्या दिवशी आमच्याकडे मेथीची भाजी झाली. पुढचे चार दिवसही झाली.

रविवारी मांडव भरला. तेलुगू बायकाही आल्या होत्या, भाषा कळो न कळो. काकूंनी पडदा उघडण्याआधी आपली कापडी पिशवी माझ्या पायाशी ठेवली. "हे सांभाळ. मी हात मागं केला की देजो." मला वाटलं, रुमाल असेल, किंवा चष्म्याचं घर.

नाटक असं रंगलं की मला वही पाहायलाही सवड मिळेना. आईने 'मालक गेले वो' म्हणून जो सूर लावला, त्यावर बाहेर कनातीपाशी कान लावून बसलेल्या पुरुषांतून बाबांचा खोकला ऐकू आला. वांग्याच्या भांडणाला पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून म्हणाली की तिचाही नवरा असाच करत होता, आणि तिला खाली बसवायला दोघी लागल्या. दोघी सवती एका तालात रडायला लागल्या आणि नेमका तेव्हाच चारचा भोंगा झाला. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. काकूंनी रडणं थांबवलं, लोडाच्या खांद्याला हलवलं आणि म्हणाल्या, "उठा, पाळी सुटली. तिसरीकडं जाची येळ झाली." मांडव दोन मिनिटं हसत होता.

मग मीना निघाली. तिला बायकांमधल्या वाटेने रडत यायचं होतं आणि स्टेजच्या पुढच्या कोपऱ्यात बांबूची चौकट होती, तिथे थांबून दार वाजवायचं होतं. ती आली. नरड्यातलंच रडत होती, पण आली. तिने बांबू वाजवला. काकू उठल्या, पदर खोचला, चौकटीचा पडदा बाजूला केला, आणि थांबल्या.

मी त्यांच्या मागे सहा हातांवर होते. मीनाच्या डोक्यावरून मला मांडवाचं तोंड दिसत होतं. तिथे सगळ्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या, आणि चपलांच्या पलीकडे, केव्हापासून कोण जाणे, एक बाई उभी होती. पांढरे केस, उन्हाने रापलेला चेहरा, फिकं झालेलं हिरवं लुगडं. हातात गुलाबी कागदाची घडी. चपलांच्या अलीकडे तिने पाऊल टाकलं नव्हतं. कोणी बोलावल्याशिवाय ती टाकणारही नव्हती, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

आधी मागच्या बायका वळल्या, मग मधल्या. ज्यांना माहीत होतं त्या गप्प झाल्या आणि ज्यांना माहीत नव्हतं त्या त्यांच्याकडे पाहून गप्प झाल्या. मीनाने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. लोडाशेजारून आई दातांतल्या दातांत म्हणाली, "सांग की गं."

माझं बोट ओळीवर होतं. मेलेल्या माणसाले. एवढे दोन शब्द कुजबुजले असते तरी पुढचं सगळं त्यांच्या तोंडातून आपोआप निघालं असतं. तीन आठवडे मी याच एका कामासाठी तिथे बसत होते. तीन आठवड्यांत काकू कधी अडल्या नव्हत्या.

मी वही मिटली.

काकूंचा हात मागे आला. बोटं उघडी होती. मी पुढे होऊन पिशवी त्या हातात दिली. ती हलकी होती. काकूंनी त्यातून लुगडं काढलं, विटकरी काठाचं. मीनाला त्यांनी खांद्याला धरून बाजूला केलं, स्टेजच्या दोन पायऱ्या उतरल्या आणि बायकांमधल्या वाटेवर उभ्या राहिल्या. घडी उलगडताना त्यांनी चष्मा काढून पदरात टाकला. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा आवाज निघाला तो पोटातून निघाला, आणि कनातीबाहेरच्या पुरुषांनाही ऐकू गेला.

"आत ये, बाई. तुहा दुखवटा माह्यापाशी राह्यला हाय."